फ्लूची लस: मे महिन्यात की गणेश चवथीनंतर? आणि घ्यावी तरी का?

फोंडेकर
गेल्या वर्षी बाबांना (वय ७१, मधुमेह) ऑक्टोबरात फ्लूची लस दिली. कॅनडातला भाऊ म्हणाला, "आम्ही इथे ऑक्टोबरातच घेतो." पण बाबा त्याआधी चवथीलाच आजारी पडून उठले होते. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधताना भाचा नाक ओढत होता, संध्याकाळी आरतीला घुमट वाजवायला तोच पुढे, आणि चौथ्या दिवशी अर्धं घर अंथरुणात. बाबांचा ताप पाच दिवसांत गेला, खोकला मात्र दिवाळीपर्यंत पुरला.

माझं मत: गोव्यात ही लस पुरुमेताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) यादीत हवी. सुकी मासळी, मिरच्या, सोलं, लस. पाऊस लागल्यावर सोलं वाळवायला कोण बसतं?

साखळीचा म्हातारा
यादीतून माझं नाव काढा. दोन वर्षं घेतली, दोन्ही वर्षं सर्दी झालीच. डॉक्टर स्वतःच सांगतात, चांगल्या वर्षी ४० ते ६० टक्के संरक्षण. घरात सहा माणसं, प्रत्येकी हजाराच्या वर, आणि काम निम्मं? वर त्यातला एक विषाणू (बी-यामागाता) मार्च २०२० नंतर जगात कुठे सापडलेला नाही, तरी कंपन्या तो सुईत भरतच राहिल्या.

मडगावची नर्सबाय
काका, यामागाताचं खरं आहे, म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेने तो वगळायला सांगितला. पण सर्दी म्हणजे फ्लू नव्हे. सर्दीचे विषाणू दुसरे, त्यांच्यावर ही लस चालत नाही.

निम्म्याचा हिशोब असा: समजा लस न घेतलेल्या शंभरांतल्या दहा जणांना डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू होणार असेल, तर घेतलेल्या शंभरांत तो पाचेक जणांना होईल. लस आणि त्या वर्षीचा विषाणू जुळला नाही तर आकडा कोसळतो, अमेरिकेत २०१४-१५ ला तो १९ टक्क्यांवर आला होता. वयस्कर माणसांत एरवीही कमीच. तरी मी वॉर्डात बघते ना, फ्लूने ऑक्सिजनवर जाणारे बहुतेक तुमच्याच वयाचे.

म्हापशेकर
फोंडेकर, मे लवकर होतो. संरक्षण महिन्यागणिक ओसरतं, आणि चवथ कधीकधी सप्टेंबरच्या मध्यावर येते. जूनअखेर घ्या. आणि मेमध्ये मिळते ती दक्षिण गोलार्धासाठी बनवलेली लस कशाला? आपण विषुववृत्ताच्या वर राहतो!

मडगावची नर्सबाय
जूनअखेर घेतली तर अंगात प्रतिकार तयार व्हायला दोन आठवडे, म्हणजे जुलैचा मध्य. तोवर साथ घरात शिरलेली. ओसरण्यापेक्षा ती भीती मोठी.

गोलार्धाचं म्हणाल तर नकाशा सोडा, पाऊस बघा. श्रीनगरला फ्लू थंडीत येतो, चेन्नईला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात, आपल्याकडे जून ते सप्टेंबर. दक्षिणेच्या लसीतले विषाणू आदल्या सप्टेंबरात ठरतात आणि ती एप्रिल-मेच्या सुमारास बाजारात येते, आपल्या पावसाच्या बरोबर तोंडावर. उत्तरेचे फेब्रुवारीत ठरतात, ती लस येईपर्यंत आपली चवथ दारात.

खोक्यावर एकच वर्ष असेल तर दक्षिणेची, जोडवर्ष (२०२४-२५ असं) असेल तर उत्तरेची. नुसतं "नवीन आहे" यावर विश्वास ठेवू नका.

आणि नऊ वर्षांखालचं मूल पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. म्हणजे त्या घुमटवाल्याला आताच, एप्रिलात, सुरुवात करावी लागेल.

साखळीचा म्हातारा
मग पोरांनाच टोचा. घरात आणतात तीच.

मडगावची नर्सबाय
पोरांना टोचाच. पण पोरं तीन दिवसांत अंगणात पळतात काका, बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागतं ते तुम्हाला.

साखळीचा म्हातारा
मागच्या वेळी लस घेतल्या रात्री अंग तापलं होतं. त्याचं काय?

मडगावची नर्सबाय
एखाद दिवस कणकण येते, हातही ठणकतो. पण आपल्याकडे दंडात देतात त्या लसीत मेलेला विषाणू असतो, त्याने फ्लू होऊच शकत नाही.

फोंडेकर
आज फार्मसीत जाऊन खोकं बघितलं. जोडवर्ष. फार्मसीवाला म्हणतो, "सगळं सारखंच, घेऊन टाका." घेऊ की थांबू?

मडगावची नर्सबाय
मेअखेरपर्यंत थांबा, दक्षिणेची नवी मागवायला सांगा. नाहीच आली तर जूनच्या पहिल्या आठवड्यात हीच घ्या, पण मुदत संपलेली नाही ना ते बघून. दोन्हीतले काही विषाणू पुष्कळदा तेच असतात, अगदी काही नसण्यापेक्षा बरी.

साखळीचा म्हातारा
मागवणारच असाल तर एक जास्त सांगा. घेईन असं म्हटलेलं नाही.