अनुभव धागा : काचेचे बिम ऑब्जेक्ट वापरताना काय अनुभव आले?

राजारामपुरीची आर्किटेक्ट (धागाकर्ती)

कोल्हापुरात बिमवर, म्हणजे इमारतीचं माहितीसकट त्रिमितीय मॉडेल करण्याच्या पद्धतीवर, काम करणारी ऑफिसं आता बऱ्यापैकी झाली आहेत. भिंत, स्लॅब, कॉलम सगळेच नीट उभे करतात. काचेपाशी आलं की मात्र निळसर मटेरियल लावायचं आणि पुढं सरकायचं, असंच बहुतेक ठिकाणी चालतं. काच बनवणाऱ्या कंपन्या मॉडेलमध्ये टाकायचे आयते ऑब्जेक्ट देतात, रेव्हिट या सॉफ्टवेअरची फॅमिली (तयार घटकाची फाईल) म्हणून नाहीतर आयएफसी या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये. ते कुणी कसे वापरले, कुठं अडले, हे इथं लिहावं अशी विनंती आहे. काच बसवणाऱ्यांनी आवर्जून लिहा.

सुरुवात मी करते. ताराबाई पार्कातल्या एका ऑफिस बिल्डिंगला पुढच्या बाजूनं पूर्ण काच होती. ६-१२-६ चं डीजीयू, म्हणजे ६ मिमीच्या दोन काचा आणि मध्ये १२ मिमीची पोकळी. आयत्या ऑब्जेक्टमध्ये जाडी होती, वजन नव्हतं. आम्ही वजनाचं पॅरामीटर घातलं. काचेचं वजन चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागं २.५ किलो धरतात. पोकळी मोजायची नाही, फक्त काच. १.५ बाय २.५ मीटरच्या पॅनलला शेड्यूलमध्ये, म्हणजे मॉडेलमधून निघणाऱ्या यादीत, ११२.५ किलो आकडा आला आणि तो बघूनच साईटवरचे लोक बोलायला लागले. जिन्यातून एवढं पॅनल फिरत नव्हतं आणि पुढं क्रेन उभी करायला जागा नव्हती. मध्ये एक ट्रान्सम (आडवी पट्टी) वाढवून पॅनल दोन केले. हे सगळं काच ऑर्डर व्हायच्या आधी झालं, याचं मला मोठं समाधान आहे.

उद्यमनगरचा काचवाला

नमस्कार मॅडम. कॉम्प्युटर पोरगा बघतो, मी माल बघतो. पण मॉडेलमधनं निघालेला कागद हातात आला की काम किती सुधारतं ते सांगतो.

टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेल्या, काचेला नंतर हात लावता येत नाही. भोक नाही, खाच नाही, कड घासणं नाही. ड्रिल टेकवलं की अख्ख्या काचेचा चुरा खाली येतो. म्हणून पॅच फिटिंगच्या (दाराची काच कोपऱ्यात पकडणाऱ्या धातूच्या फिटिंगच्या) खाचा, कुलपाची जागा, हँडलची भोकं, सगळं भट्टीत जायच्या आधी. आमचा माल टफनिंगला पुण्याकडं जातो, चुकला तर काच भंगारात आणि पुन्हा पहिल्यापासनं.

शाहूपुरीतल्या एका शोरूमला १२ मिमीचं दार होतं. कागदावर खाचा एका कंपनीच्या पॅचच्या, आणि मालकानं बाजारातनं आणलं दुसऱ्याच कंपनीचं फिटिंग. मी कागद आणि फिटिंग शेजारी ठेवलं, खाचेचा कोपराच जुळेना. आर्किटेक्ट साहेबांना फोन केला. त्यांच्या मॉडेलमध्ये फिटिंग हा वेगळा टाईप होता. त्यांनी तो बदलला आणि खाचा, भोकांचं कडेपासनं अंतर, सगळं नव्यानं आलं. संध्याकाळी नवा कागद माझ्याकडं. दार पहिल्या झटक्यात बसलं.

आर्किटेक्ट मंडळींना दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. ओपनिंगचं माप आणि काचेचं माप ऑब्जेक्टमध्ये वेगवेगळं लिहा. क्लिअरन्स (काचेभोवतीची मोकळी जागा) कुणी सोडायचा यावरनं साईटवर भांडणं होतात. आणि माप मिलिमीटरमध्येच द्या. आमचे कारागीर अजून सुतात बोलतात, ८ सूत म्हणजे १ इंच, पण भट्टीवाला सूत घेत नाही.

रात्रपाळीचा मॉडेलर

मी कोल्हापुरात बसून आखातातल्या कामांची मॉडेल करतो. तिथं एलओडी, म्हणजे मॉडेलमध्ये किती तपशील हवा ते, करारातच लिहिलेला असतो. आपल्याकडं लोक कंपनीची फॅमिली उतरवतात आणि तशीच मॉडेलमध्ये टाकतात. त्यात स्पायडर फिटिंगच्या (काचा कोपऱ्यात बोल्टनं धरणाऱ्या फिटिंगच्या) बोल्टचे आटेसुद्धा काढलेले असतात. एक नग बरा चालतो, पण पूर्ण दर्शनी भागावर तोच लावला की फाईल हलत नाही. माझा नेम ठरलेला आहे : भूमिती साधी, माहिती पूर्ण. बोल्ट शॉप ड्रॉइंगमध्ये दाखवावा, मॉडेलमध्ये त्याचा कोड पुरतो.

आयएफसी काढताना मॅपिंग, म्हणजे आपली कुठली माहिती आयएफसीच्या कुठल्या रकान्यात जाते ते, तपासा, हे मात्र नक्की. आयएफसी म्हणजे आयएसओ १६७३९. त्यात दार-खिडकीच्या काचेसाठी स्वतंत्र प्रॉपर्टी सेट आहे : काचेचे थर किती, प्रत्येकाची जाडी, पोकळीतला वायू, टफन आहे का, लॅमिनेटेड (थर चिकटवून केलेली) आहे का, कोटिंग आहे का. रेव्हिटमध्ये ही माहिती आपण आपल्या नावानं भरतो आणि निर्यात करताना जोडून देत नाही. समोरच्याला मग नुसती पारदर्शक पाटी मिळते, आणि तो पुन्हा ईमेलवर विचारत बसतो.

ऊर्जेचा हिशोब करणारी

माझं काम इमारतीत उष्णता किती शिरते ते काढायचं. युरोपातल्या साईटवरचे काचेचे ऑब्जेक्ट आपल्याकडं सर्रास येतात. त्यातलं यू-मूल्य, म्हणजे आतबाहेरच्या तापमानातल्या फरकामुळं काचेतून किती उष्णता जाते तो आकडा, ईएन ६७३ या युरोपीय मानकाच्या पद्धतीनं काढलेलं असतं. अमेरिकन ऑब्जेक्टमध्ये एनएफआरसी या तिकडच्या खिडक्यांना मानांकन देणाऱ्या संस्थेच्या अटी असतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवून काच निवडणं मला पटत नाही. शिवाय तो आकडा बहुतेक वेळा काचेच्या मधल्या भागाचा असतो. आपण ती काच थर्मल ब्रेक (धातूतून उष्णता जाऊ न देणारा मधला तुकडा) नसलेल्या ॲल्युमिनियम सेक्शनमध्ये बसवतो, तेव्हा पूर्ण खिडकीचं मूल्य त्याहून वाईटच येतं.

आणि खरं सांगायचं तर कोल्हापूरच्या हवेत मी यू-मूल्याआधी एसएचजीसी बघते, म्हणजे उन्हातली किती उष्णता काचेतून आत येते ते. पश्चिमेच्या खिडकीला तर हाच आकडा सगळं ठरवतो. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली. थंड हवामान सोडून बाकी सगळीकडं आरईटीव्ही, म्हणजे भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा आकडा, चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जाऊ नये असं त्यात सांगितलं होतं. एसएचजीसी ऑब्जेक्टमध्ये असेल तर खिडकी मोठी-लहान करताना आकडा लगेच हलताना दिसतो. उजेडाचा आकडा, व्हीएलटी, हाही हवाच. गडद काच लावून दिवसा ट्यूबलाईट लावायची वेळ आलेली घरं इथं कमी नाहीत.

शाहूपुरीचा साईटवाला

माझा विषय जरा वेगळा, पण कोल्हापूरचा आहे. २०१९ चा आणि २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी बघितला. पंचगंगेच्या बाजूला तळमजल्यावर काचेचं शोरूम करायचं म्हटलं की ऑब्जेक्टमध्ये वाऱ्याचा दाब मिळतो, पाण्याचा नाही. बाहेर १ मीटर पाणी साचलं आणि आत कोरडं असलं, तर काचेच्या तळाशी दाब जवळजवळ ९.८ किलोपास्कल येतो. वाऱ्यासाठी धरतो त्याच्या कितीतरी पट. पाणी आत शिरलं की दोन्हीकडून दाब सारखा होतो, म्हणून सगळ्यात वाईट वेळ सुरुवातीची.

आम्ही मॉडेलमध्ये निळी आणि लाल पूररेषा लेव्हल म्हणून घातली आणि जिची खालची कड त्या रेषांच्या खाली येते अशी प्रत्येक काच शेड्यूलमध्ये वेगळी काढली. यादी मालकासमोर ठेवली. त्यांनी खालचा भाग काँक्रीटचा करून घेतला, काच त्याच्या वर. नदीकाठच्या प्रत्येक कामात ही यादी निघावी असं मला मनापासून वाटतं.

कळंब्याची विद्यार्थिनी

सगळ्यांचे आभार, कॉलेजात हे कुणी सांगत नाही. एक विचारायचं होतं. कर्टन पॅनल (काचेच्या दर्शनी भिंतीतलं पॅनल) मॉडेलमध्ये फ्लिप केलं तर कोटिंगची बाजूही उलटते का?

राजारामपुरीची आर्किटेक्ट (धागाकर्ती)

हो गं, उलटते, आणि मॉडेलमध्ये डोळ्याला काहीच कळत नाही. काचेच्या बाजू बाहेरून आत मोजतात. डीजीयूमध्ये ऊन अडवणारं कोटिंग सहसा दुसऱ्या बाजूला, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला असतं. आम्ही फॅमिलीत बाहेरच्या अंगाला एक छोटा बाण ठेवतो, प्रिंटमध्ये न येणारा. तो आत वळलेला दिसला की पॅनल फिरवायचं.

उद्यमनगरचा काचवाला

बाळ, साईटवर पण एकदा बघून घे. बाहेर उभं राहून काचेसमोर लायटर पेटव. डीजीयूत ज्योतीच्या चार प्रतिमा दिसतात, जवळच्या बाजूनं मोजायच्या. दुसरीचा रंग वेगळा दिसला तर काच सरळ बसलीय. तिसरीचा दिसला तर पॅनल उलटं आहे, सिलिकॉन भरायच्या आधी उतरवून घ्या.