शब्दचर्चा : 'कल्चर वॉर'चे लोण थीम पार्कात

सबटायटलवाली

फ्लोरिडा सरकार आणि डिस्ने यांच्या भांडणावरच्या एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. एका वाक्याशी दोन दिवस अडलेय. मी लिहिलं होतं, 'संस्कृतियुद्धाचे लोण थीम पार्कपर्यंत पोचले.' तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला : 'कोणत्या दोन संस्कृतींचं युद्ध?' थीम पार्क तसंच ठेवणार आहे. 'संकल्पना उद्यान' म्हटलं तर लोक गुलाबाचे वाफे शोधत बसतील. पण पहिल्या शब्दाचं, 'कल्चर वॉर'चं, म्हणजे एकाच समाजातल्या गटांच्या मूल्यांवरून जुंपलेल्या भांडणाचं, काय करू?

जुना मुद्रितशोधक

शेरा रास्त आहे. विग्रह करून पाहा. शीतयुद्ध म्हणजे शीत असे युद्ध, वाग्युद्ध म्हणजे वाचेने केलेले. धर्मयुद्धाचे तर दोन अर्थ मराठीत सुखाने नांदतात : धर्माने लढलेले आणि धर्मासाठी लढलेले. 'संस्कृतियुद्ध' ऐकले की मात्र कानाला 'दोन संस्कृतींमधले' हाच विग्रह सुचतो. अमेरिकेतले भांडण एकाच घरातले आहे.

शब्दाचा थोरला भाऊ जर्मन : कुल्टुरकाम्फ. १८७०च्या दशकात बिस्मार्कचे सरकार आणि कॅथलिक चर्च यांच्यात शाळा, विवाहनोंदणी, पाद्र्यांच्या नेमणुका कोणाच्या ताब्यात यावरून जुंपली होती. अमेरिकेत हा शब्दप्रयोग रुळला तो १९९१ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स डेव्हिसन हंटर यांनी मांडणी केल्यावर, आणि पुढच्याच वर्षी राजकारणी पॅट ब्यूकॅनन यांनी रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात तीच भाषा वापरल्यावर. माझे मत 'मूल्यसंघर्ष'.

आडकित्ता

काका, मूल्यसंघर्ष हा 'रसग्रहण करा' या प्रश्नाच्या उत्तरात शोभतो. टीव्हीसमोर चिवडा खाणाऱ्याला तो घशाखाली उतरायचा नाही.

आणि ताई, पुढे 'वोक' आला की काय करणार आहात? 'जागृत' करू नका. अख्खं डिस्ने वर्ल्ड जागृत देवस्थान होईल, नवस बोलायला रांगा लागतील. मूळ शब्द कृष्णवर्णीय अमेरिकनांचा, अन्यायाबाबत 'डोळे उघडे असलेला' अशा चांगल्या अर्थाचा. विरोधकांनी तो उचलून शिवीसारखा फेकला. ही युक्ती आपल्याकडे झालीय की. पुरोगामीचा फुरोगामी कोणी केला, आठवा!

सबटायटलवाली

फुरोगामी झकास, पण तो एका बाजूच्याच तोंडी बसेल. फ्लोरिडाचे गव्हर्नर डिसँटिस बोलत असतील तेव्हा चालेल, निवेदकाला नाही.

टॅम्पाकर

मी इथे जवळच राहतो. भारतातून पाहुणे आले की डिस्नेची वारी ठरलेली, त्यामुळे हा तमाशा जवळून पाहिलाय. नावापासूनच सावध राहा. मार्च २०२२ मध्ये सही झालेल्या कायद्याचं अधिकृत नाव शिक्षणातले पालकांचे हक्क अशा अर्थाचं. विरोधक त्याला 'डोन्ट से गे' म्हणतात. बालवाडीपासून तिसरीपर्यंत लैंगिक कल आणि लिंगओळख हे विषय वर्गात शिकवू नयेत, हा तेव्हा त्यातला मुख्य भाग होता. निवेदकाने कुठलंही एक नाव घेतलं की तो एका बाजूला जाऊन बसला. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब चॅपेक आधी गप्प होते. कर्मचारी चिडले, मग कंपनी कायद्याविरुद्ध बोलली, आणि सरकारने कंपनीच्या रीडी क्रीक डिस्ट्रिक्टला हात घातला.

हात जोडून सांगतो, याचा 'जिल्हा' करू नका. डिस्ने वर्ल्डच्या परिसरासाठी १९६७ मध्ये कायद्याने तयार झालेली ती स्थानिक कारभाराची यंत्रणा. सुमारे २५,००० एकर, ऑरेंज आणि ऑसिओला अशा दोन काउंट्यांत पसरलेले. रस्ते, अग्निशमन, बांधकाम परवाने, कर्जरोखे, सगळं तिच्याकडे आणि ती डिस्नेच्या मुठीत. अणुवीज केंद्र उभारायची मुभासुद्धा सनदेत होती! आपल्याकडे लवासाला एकेकाळी विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा होता, त्या जातीचं प्रकरण.

आडकित्ता

मग सरळ लिहा, 'डिस्नेचे संस्थान खालसा झाले'.

टॅम्पाकर

मलाही आधी तेच सुचलं, पण ते चुकेल. एप्रिल २०२२ चा कायदा बरखास्तीचाच होता. पण मग रोख्यांचं कर्ज दोन्ही काउंट्यांच्या करदात्यांच्या डोक्यावर जाणार, अशी ओरड झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्रणा ठेवली, नाव बदललं आणि पाच जणांचं मंडळ गव्हर्नरने नेमायचं ठरलं. यातलं खालसा काय? निवडणुका न घेता महापालिकेवर प्रशासक बसवतात, तसं झालं हे.

जुन्या मंडळाने जाता जाता डिस्नेशी एक करार करून ठेवला होता. मुदत कायमची. ती कायद्यात टिकली नाही तर इंग्लंडचे राजे तिसरे चार्ल्स यांच्या त्या दिवशी हयात असलेल्या वंशजांपैकी शेवटचा जाईपर्यंत, वर २१ वर्षं. कोर्टकचेऱ्या होऊन मार्च २०२४ मध्ये तडजोड झाली, तेव्हा तो करार रद्दबातल मानायचं ठरलं.

जुना मुद्रितशोधक

वा! आपल्या सनदांत 'आचंद्रार्क' लिहीत. यांनी चंद्रसूर्याऐवजी राजघराणे धरले.

'लोण'बद्दल कोणी बोलले नाही. लोण म्हणजे मीठ, आणि शब्दप्रयोग आट्यापाट्यांतला. त्या खेळाला लोणपाटही म्हणतात. गडी सगळ्या पाट्या पार करतो आणि परत फिरताना लोण घेऊन येतो. म्हणजे ते आपोआप पसरत नाही, कोणीतरी आणावे लागते. हल्ली वर्तमानपत्रे साथीसारखे पसरवतात, ते सोडा. खेळातला शब्द खेळाच्या जागी जातोय, तेव्हा तो ठेवाच.

टॅम्पाकर

आणणारा कोण, यावरच तर इथे दोन तट आहेत. एक म्हणतो डिस्नेने, दुसरा म्हणतो डिसँटिसने.

आडकित्ता

माहितीपटात टेक्सासचं सिक्स फ्लॅग्स आहे का? १९६१ चं पार्क. टेक्सासवर राज्य केलेल्या सहा सत्तांवरून नाव, त्यात गुलामगिरी राखायला लढलेली दक्षिणी राज्यांची कॉन्फेडरसीही. ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलमधल्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यातल्या हिंसाचारानंतर त्यांनी सहाही काठ्यांवर अमेरिकेचाच झेंडा चढवला. 'सहा निशाणे' वगैरे करू नका. अटकेपार झेंडे लावणाऱ्यांना झेंडा म्हणजे राज्य हे वेगळं सांगायला नको.

सबटायटलवाली

आहे, अर्धा मिनिट. 'झेंडे'च ठेवते. मूळ वाक्य आता असं : 'हा वाद थीम पार्कात कोणी नेला, यावरही वाद आहे.' युद्ध गेलं, संस्कृती गेली, आणि काका, तुमचं लोणही गेलं. माफ करा. ते आणणारा एकच गडी मागतं, इथे दोन आहेत.

आता नवीन अडचण. डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंग्डम पार्कातल्या आतषबाजीआधीची घोषणा २०२१ मध्ये बदलली. 'लेडीज अँड जंटलमेन, बॉइज अँड गर्ल्स' काढलं, 'ड्रीमर्स ऑफ ऑल एजेस' राहिलं. बाई-पुरुष उल्लेख गेला म्हणून गदारोळ. मी दोन्हीकडे सवयीने 'मंडळी हो' टाकून मोकळी झाले आणि मग लक्षात आलं, मराठीत भांडणच उरलं नाही. आता जुन्या घोषणेला मुद्दाम 'सभ्य स्त्रीपुरुषहो, मुलामुलींनो' असं अवघडलेलं लिहावं लागतंय, काय काढलं ते प्रेक्षकाला दिसावं म्हणून. याहून बरं कोणाला सुचतंय का?