जर्मन शेफर्ड घरात आणावा का? जळगावचं ऊन, दोन लहान मुलं आणि सासूबाई

गिरणाकाठची:
पंधरा दिवसांपासून आमच्या घरात जेवताना एकच विषय असतो, म्हणून इथे मांडते. धुळ्याला मिस्टरांच्या ओळखीच्यांकडे जर्मन शेफर्डची पिल्लं झाली आहेत, चाळीस दिवसांची. या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत हो-नाही कळवायचं आहे.

घर जळगावात, रो-हाउस. पुढे दहा बाय बाराचं फरशीचं अंगण, वर गच्ची. मिस्टर एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात, आठवड्याला पाळी बदलते. मी शाळेत शिकवते, सकाळी साडेसहाला घर सोडते. मुलगा चौथीत, मुलगी साडेतीन वर्षांची. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, काठी घेऊन चालतात.

दिवाळीनंतर गल्लीत दोन घरफोड्या झाल्या. मिस्टरांना राखणीला कुत्रा हवा आहे. मुलाला तर नावसुद्धा सुचलंय. मला कुत्र्याची भीती नाही, माहेरी शेतावर कायम होते. भीती आहे ती उन्हाची आणि सासूबाई पडण्याची. नुसतं "घ्या" किंवा "नका घेऊ" सांगू नका, कारण सांगा.

भुसावळ_यार्ड:
ताई, घ्या. आमच्याकडे आठ वर्षांपासून आहे, नर, सदतीस किलोचा. भुसावळच्या उन्हात वाढलाय, तेव्हा अनुभवाने बोलतो.

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा आमचा दिवस त्याच्यासाठी बदलतो. पहाटे पावणेपाचला फिरायला, सव्वा तासाने परत. संध्याकाळी साडेआठच्या आधी बाहेर नाही. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवायची, सात सेकंद टिकली नाही तर त्याचे पंजेही भाजणार. दुपारी तो कूलरच्या खोलीत असतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे कूलर छान चालतो. खरा त्रास जूनमध्ये पाऊस लांबला की. हवा दमट होते, कूलर नुसता वारा फेकतो आणि कुत्रा रात्रभर धापा टाकतो.

एक चूक आम्ही पहिल्या वर्षी केली. उन्हाळा म्हणून केस मशीनने काढून टाकले. तसं करू नका. याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, तेच त्याला उन्हापासून वाचवतात. रोज विंचरून आतले गळलेले केस तेवढे काढायचे. वर्षातून दोनदा असे केस गळतात की पोळपाटावरसुद्धा सापडतात, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. आज ती तेरा वर्षांची आहे आणि त्याला माझ्यापेक्षा तिचं ऐकू येतं. हा कुत्रा माणूस ओळखतो, माणसाची वेळ ओळखतो. रात्रपाळीहून मी गल्लीच्या तोंडाशी आलो की तो फाटकापाशी उभा असतो. तुमच्या पोराला हे मिळू द्या.

चोपड्याचा_मळा:
भुसावळवाल्या दादांनी जे लिहिलं ते खरं असेल, पण ते सगळं जमलं तर. आमच्याकडे जमलं नाही, ते सांगतो.

केळीच्या मळ्यात राखणीला आणला होता. तीन वर्षांचा होता, उमदा. मे महिन्याची सोळा-सतरा तारीख. दुपारी लाईट गेली, कूलर बंद. आम्ही घरचे लग्नाला गेलेलो. गडी बांधावर होता, त्याला वाटलं झोपलाय. साडेतीनला मी आलो तेव्हा तो आडवा पडलेला, जीभ बाहेर, हिरड्या लालभडक, उभं राहायला गेला की मागचे पाय लटपटत होते. ओली पोती टाकली, पाणी मारलं, गाडीत घालून निघालो. दवाखान्याला पोचायच्या आत गेला.

दोन तास. एवढ्यात संपलं. आजही वीज गेली की माझं लक्ष त्या कोपऱ्याकडे जातं.

माझं म्हणणं कुत्र्याविरुद्ध नाही. थंड मुलखातलं दाट केसांचं जनावर आपण खान्देशात आणतो आणि मग त्याचा जीव एका विजेच्या तारेवर ठेवतो. ताई, तुम्ही दोघं बाहेर. लाईट गेल्यावर आजी काठी घेऊन उठणार, पस्तीस किलोच्या कुत्र्याला ओलं करणार? नका घेऊ.

गोठा_ते_दवाखाना:
मी पशुवैद्यक आहे. यावल-रावेर भागात गाई-म्हशी जास्त बघते, कुत्रीही येतात. मळेवाल्या दादांनी जी लक्षणं लिहिली तो उष्माघात. कुत्र्याचं शरीराचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या वर गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धाप टाकून जेवढी उष्णता बाहेर जाईल तेवढीच. अशा वेळी आधी अंगावर साधं गार पाणी आणि वारा, मग गाडी. दादांनी केलं ते बरोबरच होतं, उशीर झालेला होता एवढंच.

आता ताईंच्या घराबद्दल. माझी काळजी उन्हाइतकीच फरशीची आहे. या जातीत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार बराच दिसतो. तो आई-बापाकडून येतो, पण गुळगुळीत फरशीवर घसरत वाढलेलं, लाडाने जास्त खाऊ घातलेलं पिल्लू लवकर लंगडतं. वर कुणीतरी सांगतं म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या पाजतात. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला जादा कॅल्शियमने हाडांचा तोटाच होतो. दूध-पोळीवर हा कुत्रा वाढत नाही, हेही शाकाहारी घरांनी आधी ठरवून घ्यावं.

चाळीस दिवसांचं पिल्लू मात्र कुणीच घेऊ नका. २०१७ च्या केंद्राच्या श्वान पैदास नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आणि नियम बाजूला ठेवला तरी, चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं. ते अर्धवट शिकलेलं तुमच्या साडेतीन वर्षांच्या मुलीजवळ येईल.

माझं मत: आत्ता नको. मुलगी सहा-सात वर्षांची होऊ द्या. आठ-नऊ महिन्यांचा शेफर्ड म्हणजे अंगाने मोठा आणि डोक्याने पोर. प्रेमाने अंगावर आला तरी गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई खाली जाणार.

साक्री_रोडची:
डॉक्टरताई, तुमच्या माहितीबद्दल वाद नाही, निष्कर्षाबद्दल आहे. "मुलं मोठी होऊ द्या" म्हणत म्हणत माणसं म्हातारी होतात. मुलगी सातची होईल तेव्हा मुलाची दहावी जवळ येईल, मग तेही कारण होईल.

मी धुळ्यात राहते. सासू-सासरे, दोन मुलं आणि शेफर्ड मादी, पाच वर्षांची. मादी नराहून लहान असते, आमची सव्वीस किलोची आहे. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "हिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका." आम्ही तोच नियम पक्का केला. तिसऱ्या महिन्यापासून ती उंबऱ्याला नाक लावून बसते, आत पाय टाकत नाही. हा कुत्रा शिकायला आसुसलेला असतो. अंगावर उडी मारायची नाही हे दोन महिन्यांच्या पिल्लाला शिकवता येतं. आठ महिन्यांचा होईपर्यंत थांबलात तर मात्र म्हातारं माणूस पडतंच.

ही जात १८९९ मध्ये जर्मनीत मॅक्स फॉन स्टेफानित्झ या घोडदळातल्या कॅप्टनने बांधायला घेतली, ती मेंढ्या राखायला. शेताला कुंपण नसायचं, मेंढ्या पिकात शिरू नयेत म्हणून हा कुत्रा दिवसभर बांधाच्या कडेने येरझाऱ्या घालायचा. त्याच्या रक्तात ते आहे. त्याला काम द्या, तो वेड्यासारखा काम करतो. आमची रोज सकाळी दोन्ही मुलांच्या चपला आणून देते, रात्री फाटक लावलं का ते माझ्याबरोबर बघायला येते. काम नसेल तर तो आपलं आपण शोधतो आणि मग तुमची गादी फाटते.

उन्हाचं म्हणाल तर धुळ्यालाही आहे. दोन हजारांच्या आसपास खर्च करून एका पंख्यापुरता जुना इन्व्हर्टर बसवून घेतला. मळ्यात लाईट जाणं आणि शहरातल्या घरात, जिथे आजी दिवसभर आहेत, तिथे लाईट जाणं यात फरक आहे.

चोपड्याचा_मळा:
आजी दिवसभर आहेत, हेच तर सगळे म्हणताय. म्हणजे कुत्रा आजींनी सांभाळायचा. त्यांना कुणी विचारलं का?

साक्री_रोडची:
हा प्रश्न बरोबर आहे. माझ्या घरात मी विचारला होता, लिहायला हवं होतं. आणि मी नोकरी करत नाही, घरी असते. तेही सांगायला हवं होतं. तरी मत बदलत नाही. विचारा, आणि हो म्हणाल्या तर घ्या.

नाना_अमळनेर:
राखणीसाठीच हवा असेल तर गावठी का नको? कुणी बोलतच नाही म्हणून लिहितो.

साक्री तालुक्यातले ठेलारी मेंढ्या घेऊन महिनोन्‌महिने फिरतात. रात्री वाडा लागतो तेव्हा चारी बाजूंना त्यांची कुत्री असतात. कुणी विकत आणलेली नाहीत. लांडगा दूर असतो तेव्हाच भुंकतात. ऊन, थंडी, पाऊस, सगळं इथलंच पचवलेलं. अंगावर बारीक केस, पोट आत, पाय लांब. या मुलखाने घडवलेलं जनावर आहे ते. चोराला जात कळत नाही, भुंकणं कळतं.

माझी आजी अहिराणीत म्हणायची, "मुकं जनावर शे, त्याले भूक लागनी ते कोन सांगी?" तिच्या दारात चार पिढ्या गावठी कुत्री झाली, एकालाही कधी साखळी लागली नाही. पिल्लू आणा, लस द्या, नसबंदी करा, घरात वाढवा. तुमच्या पोराला तेवढंच प्रेम मिळेल.

भुसावळ_यार्ड:
नाना, गावठीला माझा नकार कधीच नाही. पण ठेलाऱ्यांची कुत्री मोकळ्या रानात फिरतात म्हणून तशी आहेत. फरशीच्या अंगणात दिवसभर कोंडलेलं गावठीसुद्धा भिंती खरवडतं. मेहनत त्यालाही लागते, शिकवण त्यालाही लागते. रेबीजची लस दोघांनाही दरवर्षी.

पारोळा_नाका:
अशा मोठ्या कुत्र्यांवर सरकारने बंदी आणली होती ना?

गोठा_ते_दवाखाना:
१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवलं होतं, २३ जातींबद्दल. त्यात पिटबुल, रॉटवायलर वगैरे होते, जर्मन शेफर्ड नव्हता. ते पत्रही एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी रद्द केलं. तेव्हा बंदीचा प्रश्न नाही. पण कुत्रा यादीत नाही म्हणून लहान मूल त्याच्या ताटात हात घालू शकतं असं नाही. खाताना आणि झोपताना त्याला कुणी हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. मेंढ्या वळवणारी जात आहे, पळणाऱ्या मुलांच्या टाचा धरायला जाते. त्यात राग नसतो, पण दात लागतात.

साक्रीताई, तुमच्या घरात जमलं कारण तुम्ही घरी होतात, हे तुम्हीच लिहिलंत. माझा मुद्दा तेवढाच आहे. आणखी एक: पावसाळ्यात गोचीड. आपल्याकडे गोचीडतापाची कुत्री जुलैपासून रांगेने येतात. दाट केसांत गोचीड सापडत नाही, रोज बोटांनी चाचपावं लागतं. त्यालाही माणूस आणि वेळ लागतो.

गिरणाकाठची:
सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल रात्री मळेवाल्या दादांचा प्रश्न घरात विचारला.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला कुत्रा आवडतो, पण दुपारी मी दार लावून झोपते आणि मला ऐकू कमी येतं. तो धापा टाकत असेल तर मला कळणार नाही." त्यांना ऐकू कमी येतं हे आम्हाला माहीत होतं. या विषयाशी जोडलं नव्हतं.

मग मुलाच्या वहीवर आठवडा मांडला. मिस्टरांची सकाळपाळी असते तेव्हा आम्ही दोघं साडेसहाला बाहेर, म्हणजे पहाटे पावणेपाचला मी, आणि डबे नंतर. रात्रपाळीच्या आठवड्यात ते सकाळी आठला येतात, तोवर मे महिन्याचं ऊन वर आलेलं. म्हणजे तेव्हाही मीच. संध्याकाळचा रकाना मुलाने स्वतःच्या नावाने भरला. नऊ वर्षांचा मुलगा तीस किलोचा कुत्रा साडेआठला रस्त्यावर नेणार नाही, हे त्याला सांगितलं तेव्हा त्याने ते खोडलं आणि काही बोलला नाही. मिस्टर वही बघत राहिले. चोरीचा विषय त्यांनी परत काढला नाही.

धुळ्याला नाही म्हणून कळवलं. चाळीस दिवसांचं पिल्लू तसंही घेणार नव्हते, डॉक्टरताईंचं वाचल्यावर. पण "कधीच नाही" असं आम्ही ठरवलेलं नाही. मला पहाटे उठणं जमेल का, हे मला स्वतःला माहीत नाही. नानांचा गावठीचा विचारही मनात आहे, पण पहाटेचा प्रश्न त्यालाही तोच.

भुसावळचे दादा, एक विचारू? मुलाला आणि मला एकदा तुमच्या कुत्र्याबरोबर फिरायला येता येईल का? मे महिन्यातच, उन्हाळा संपायच्या आधी.

भुसावळ_यार्ड:
या की. एक दिवस नको, सलग तीन रविवार या, म्हणजे पहिल्या दिवसाचा उत्साह ओसरल्यावर काय होतं ते दिसेल. पावणेपाचला फाटकाशी. पोराला चपला नको, बूट घाला. आला की त्याने हात पुढे करायचा नाही, माझ्या शेजारी नुसतं उभं राहायचं. कुत्रा आपणहून वास घ्यायला येईल.

चोपड्याचा_मळा:
ताई, गेलात की दुपारपर्यंत थांबा. दोन वाजता तो कसा पडलेला असतो ते पाहा. आणि लाईट गेली तर दादा काय करतात, तेही बघून या.

भुसावळ_यार्ड:
बरोबर आहे. जेवायलाच या मग. वरणबट्टी करू.