ओतलेला कापूस परत कोण भरणार?

तापीकाठचा शेतकरी:
कंपनी कायदा 2013, कलम 135. वर्षाला 5 कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा कमावणाऱ्या कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजकार्याला द्यायचे. चांगलंच आहे. पण उरलेले 98 टक्के कसे कमावले, ते कोण विचारतं?

आमच्याकडे जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी (बी) काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, गेटवर एक भाव ठरतो. कापूस ढिगावर ओतला की ग्रेडर मूठभर उचलून म्हणतो, "ओल आहे, कवडी (किडका कापूस) आहे", अन् क्विंटलमागे भाव पडतो. आता परत भरायचा कसा? भाडं, हमाली आपल्याच डोक्यावर. अन् शाळेच्या भिंतीवर देणगीदार म्हणून त्याच मालकाचं नाव! नीतीने धंदा करणारा मी त्यालाच म्हणेन, जो गाडी खाली व्हायच्या आधी भाव पक्का करतो.

जिनिंगवाला, धरणगाव:
भाऊ, वर कोरडा अन् तळाला पाणी मारलेला कापूस येतो, तेही लिहा ना. क्विंटलमागे 33-35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. दोन्हींचे दर आमच्या हातात नाहीत. दसऱ्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत वर्षभराचं व्याज काढायचं. तुमचा 2 टक्क्यांचा कायदा माझ्यासारख्याला लागूच नाही.

केळीवाला, रावेर:
नफा अन् शेतकऱ्याचं हित यांचं वैर असलंच पाहिजे का? जैन इरिगेशनच्या भवरलाल जैन यांनी जळगावातून ठिबक अन् ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली) केळीची रोपं दिली. आमचं पाणी वाचलं, त्यांची कंपनीही वाढली.

जिनिंगवाला, धरणगाव:
ठिबकला सरकारी अनुदान होतं, दादा. जिनिंगला असं अनुदानावर गिऱ्हाईक मिळत नाही.

तापीकाठचा शेतकरी:
अनुदान नको, ओल मोजणारा मीटर लावा. सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) 8 टक्के ओलीला पूर्ण हमीभाव देते, 12 पर्यंत कपात करून घेते. आकडा सगळ्यांना दिसतो. तुम्हीही गाडीतच तळापर्यंत तपासा. पाणी मारलेलं निघालं तर गाडी परत पाठवा, मी तुमच्या बाजूने बोलेन.

मजुराची मुलगी, अमळनेर:
भावावर एवढं बोललात, आत काम करणाऱ्या बायांचं काय? माझी आई तोंडाला पदर बांधून रुईच्या भुकटीत उभी राहते, रात्रभर खोकते. भुकटी ओढून घेणारा पंखा बसवणं हा खर्च तुम्ही कशात धरता?

जिनिंगवाला, धरणगाव:
ताई, पंखा या हंगामाआधी बसवतो. मीटरलाही तयार आहे, पण बाजार समितीने तो सगळ्या जिनिंगना सक्तीचा करावा. मी एकट्याने लावला तर पाणी मारलेला कापूस शेजारी खपेल अन् माझ्या गेटवर गाडी थांबणार नाही.