‘डिसइन्फर्मेशन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
निवडणुकांच्या बातम्यांत ‘मिसइन्फर्मेशन’ आणि ‘डिसइन्फर्मेशन’ या दोन्हींसाठी सरसकट ‘चुकीची माहिती’ असे छापतात. पहिल्यात सांगणाऱ्याला ते खरेच वाटत असते. दुसऱ्यात ते खोटे आहे हे ठाऊक असून मुद्दाम रचलेले असते. हेतूतला हा फरक दाखवणारे शब्द आपल्याकडे आहेत का?

प्रतिसाद
पहिल्यासाठी ‘अफवा’ चालेल. शब्द मूळ अरबी, तिथे त्याचा अर्थ ‘तोंडे’. अफवा उठते, पसरते. तिला कर्ता लागत नाही. दुसऱ्यासाठी ‘वावड्या उठवणे’ किंवा ‘कंडी पिकवणे’. वावडी म्हणजे मोठा पतंग, म्हणजे दोरी कुणाच्या तरी हातात आलीच.

प्रतिसाद
वावडी फार हलकी वाटते. स्लोव्हाकियात 30 सप्टेंबर 2023 ला मतदान होते. त्याच्या दोनच दिवस आधी मिखाल शिमेच्का या उदारमतवादी पक्षनेत्याच्या आवाजातली बनावट ध्वनिफीत फिरू लागली. त्यात ते मते विकत घेण्याबद्दल बोलताना ऐकू येत होते. प्रचारबंदी सुरू झालेली, त्यामुळे खुलासा लोकांपर्यंत पोचवणेही अवघड. याला ‘वावडी’ म्हटले तर प्रकार किरकोळ ठरतो. मी ‘अपप्रचार’ लिहीन.

प्रतिसाद
‘अपप्रचार’ नको. खऱ्या टीकेलाही पुढारी अपप्रचारच म्हणतात, त्यामुळे त्या शब्दातून खोटेपणा सिद्ध होत नाही. वरच्या उदाहरणाला नेमका शब्द ‘कुभांड’. कुभांड रचावे लागते, आपोआप होत नाही. खोटेपणा, हेतू आणि कर्ता, तिन्ही त्यात आहेत. मात्र तो बहुतेक एखाद्या माणसावरच्या खोट्या आरोपालाच शोभतो. मतदानाची तारीख बदलली असा खोटा संदेश कुणी मुद्दाम पसरवला तर तिथे साधे ‘रचलेले खोटे’ बरे.
शिवाय रचणारा एक आणि पुढे ढकलणारे हजारो असतात. त्यातल्या बहुतेकांना ते खरेच वाटते. तीच फीत रचणाऱ्याच्या हातात कुभांड, पण तुमच्या-माझ्या फोनवर येईपर्यंत अफवा झालेली असते. म्हणून दोन्ही शब्द हवेत. एकाच शब्दाने काम भागवले तर फसलेल्या मतदाराला गुन्हेगार ठरवू, नाहीतर गुन्हेगाराला फसलेला.

प्रतिसाद
नामाइतकीच क्रियापदाकडेही नजर हवी. ‘व्हिडिओ व्हायरल झाला’ या वाक्यात कर्ता गायब होतो. रोमानियाच्या घटनात्मक न्यायालयाने 6 डिसेंबर 2024 ला अध्यक्षीय निवडणुकीची पहिली फेरीच रद्द केली. त्याआधी उघड केलेल्या गुप्तचर कागदपत्रांत एका उमेदवारासाठी टिकटॉकवर संघटित मोहीम चालवल्याचे म्हटले होते. न्यायालयाच्या निकालावर पुष्कळ वाद झाला. पण तिथला मूळ प्रश्नच ‘झाले की केले’ हा होता. त्यात अल्गोरिदमचाही वाटा असतो. कुणाला काय दिसावे हे तो ठरवतो, म्हणजे तोही ‘पसरवतो’च. कर्ता ठाऊक असेल तर ‘अमक्याने पसरवला’ लिहावे, नसेल तर ‘कुणी पसरवला ते अद्याप कळलेले नाही’. चार शब्द जास्त लागले तरी चालेल.