जोसेफ केनेडी आणि दारूच्या तस्करीची दंतकथा
अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉन केनेडी यांचे वडील जोसेफ यांची संपत्ती दारूच्या तस्करीतून आली, असे अनेकदा म्हटले जाते. परंतु त्याचा ठोस पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. त्यांनी पैसा मिळवला तो मुख्यतः शेअर बाजारात आणि हॉलिवूडमध्ये; स्कॉच व्हिस्कीची आयात त्यांनी केली, पण ती १९३३ मध्ये अमेरिकेतील दारूबंदी उठल्यावर, कायदेशीर मार्गाने. मला त्याहून महत्त्वाचे हे वाटते, की १९३४ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना रोखे बाजाराच्या नव्या नियामक आयोगाचे पहिले अध्यक्ष नेमले, तेव्हा ज्या सट्टेबाजीच्या क्लृप्त्यांवर ते स्वतः श्रीमंत झाले होते, त्यांनाच आळा घालण्याचे काम त्यांनी कसोशीने केले. ब्रिटनमधील राजदूतपद मात्र, हिटलरशी तडजोडीच्या आग्रहामुळे विश्वास गमावल्यावर, १९४० मध्ये त्यांना सोडावे लागले.