डेली स्क्रमची हजेरी होते आणि स्प्रिंटअखेर कामे अर्धवट राहतात : मार्गदर्शन हवे

प्रश्न

आमचा सात जणांचा गट एका पतसंस्थेसाठी मोबाइल ॲप तयार करत असून आम्ही स्क्रम या कार्यपद्धतीनुसार दोन आठवड्यांच्या स्प्रिंटने (ठरावीक मुदतीच्या टप्प्यांनी) काम करतो. रोजच्या डेली स्क्रममध्ये प्रत्येक जण व्यवस्थापकांना आदल्या दिवसाचा हिशेब देतो, त्यामुळे ही बैठक पाऊण तास चालते. स्प्रिंट संपताना बहुतेक कामांचे कोडिंग झालेले असते, पण टेस्टिंग राहिलेले असते. शिवाय संस्थेचे वेगवेगळे संचालक मध्येच नवी कामे सुचवतात. सुधारणेची सुरुवात कोठून करावी?

पहिले उत्तर

सुरुवात स्प्रिंट गोलपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या स्प्रिंटमध्ये नेमके काय साधायचे आहे, हे एका वाक्यात ठरलेले नसेल, तर प्रत्येकाकडे फक्त स्वतःचे काम उरते आणि मग बैठकीत हिशेब देण्यापलीकडे बोलण्यासारखे काही राहत नाही. उदाहरणार्थ, ‘सभासदाला आपल्या बचत खात्याची शिल्लक आणि मागील व्यवहार ॲपवर पाहता यावेत’ असे उद्दिष्ट असेल, तर रोज एवढेच विचारावे लागते की आपण त्या दिशेने जात आहोत का आणि आजच्या नियोजनात काय बदलायला हवे.

डेली स्क्रम ही डेव्हलपर्सची स्वतःची बैठक आहे आणि तिची मर्यादा पंधरा मिनिटांचीच आहे. ‘काल काय केले, आज काय करणार, अडचण कोणती’ हे तीन प्रश्न अनेक ठिकाणी आजही सक्तीचे मानले जातात. परंतु स्क्रमचे जनक केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी स्क्रम गाइड या स्क्रमच्या नियमपुस्तिकेच्या २०२० च्या आवृत्तीतून ते काढून टाकले आहेत. एखाद्या अडचणीची सविस्तर चर्चा संबंधितांनी बैठकीनंतर करावी. व्यवस्थापकांना प्रगती पाहायची असेल, तर स्प्रिंट बॅकलॉग (स्प्रिंटसाठी निवडलेल्या कामांची यादी) त्यांच्यासाठी खुला ठेवावा.

दुसरे उत्तर

वरील मताशी सहमत आहे, मात्र टेस्टिंगचा मुद्दा वेगळा आहे. आपल्या गटाने ‘डेफिनिशन ऑफ डन’, म्हणजे काम पूर्ण झाले असे केव्हा म्हणायचे याची व्याख्या, लिहून ठेवली आहे का? त्या व्याख्येत टेस्टिंग असेल आणि ते झालेले नसेल, तर ते काम इन्क्रिमेंटचा (तयार, वापरण्याजोग्या उत्पादनाचा) भाग ठरत नाही, स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये (स्प्रिंटअखेरच्या आढावा बैठकीत) दाखवता येत नाही आणि प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये (उत्पादनाच्या सर्व कामांच्या यादीत) परत जाते. ‘ऐंशी टक्के पूर्ण’ अशी नोंद स्क्रममध्ये नाही. हे पाळले की एकाच वेळी सगळी कामे उघडण्याऐवजी दोघातिघांनी मिळून एक काम शेवटपर्यंत नेण्याची गरज गटाला आपोआप पटते.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. संचालकांच्या सूचनांचे काय करावे? त्यांना नकार देणे आम्हाला शक्य होत नाही.

तिसरे उत्तर

नकार देण्याची जबाबदारी डेव्हलपर्सवर नसावी. उत्पादनात कोणती कामे कोणत्या क्रमाने घ्यायची हे ठरवणारा प्रॉडक्ट ओनर ही एकच व्यक्ती असते, समिती नव्हे. म्हणून संचालक मंडळाने आपल्यातील किंवा कर्मचाऱ्यांपैकी एकाला ते अधिकार द्यावेत आणि सर्व सूचना त्याच्यामार्फत प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये याव्यात. स्प्रिंट चालू असताना कामाच्या व्याप्तीविषयी त्याच्याशी वाटाघाटी करता येतात, पण स्प्रिंट गोल धोक्यात येईल असा बदल करता येत नाही. उद्दिष्टच कालबाह्य झाले, तर स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकारही फक्त त्यालाच आहे. आपले स्प्रिंट दोन आठवड्यांचे असल्यामुळे कोणत्याही सूचनेला पुढील नियोजनापर्यंत फार काळ थांबावे लागत नाही, हे संचालकांना पहिल्याच भेटीत सांगावे.